सहावी खेप

अकरा किलोमीटर मागे पडले होते आणि धाकटीच्या चपलेचा अंगठा आता तुटतो की मग, अशा बेताला आला होता. पण मुकादम थांबायला तयार नव्हता. पाय थांबले की हात शिवशिवतात, असं त्याचं म्हणणं. तो पुढे, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले, जणू कुणी बेड्या घातल्यात. आणि चार पावलं मागे त्याची धाकटी बहीण, तोंडाने देवाचं नाव घेत आणि डोळे चपलेवर ठेवून.

"दादा, जरा हळू. वहिनी काही पळून जात नाहीत."

"पळूनच तर गेलीय," तो मागे न बघता म्हणाला. "मी पळवली."

आज चाळिसावा दिवस होता. वहिनीने हॉस्पिटलच्या खाटेवरून, हाताला प्लास्टर घातलेलं असताना, नवऱ्याकडे न बघता नणंदेला सांगितलं होतं, "चाळीस दिवस सिगारेट नाही. चाळीस दिवस कुणावर हात नाही. दोन्ही जमलं तर माझ्या भावाकडे न्यायला या म्हणावं. एक जमलं आणि एक नाही, तर दारातही उभं राहू नये." एकोणचाळीस दिवस दोन्ही जमलं होतं. आता सात किलोमीटर राहिले होते, आणि संध्याकाळ.

मुकादम पाडकामाचा. जुनी घरं पाडायची, जिथे गल्ली अरुंद म्हणून यंत्र शिरत नाही तिथे घण, पहार आणि दोर घेऊन त्याची टोळी शिरायची. भिंत खालून पोखरायची, वरच्या अंगाला दोर अडकवायचा आणि चार माणसांनी ओढायचा. घणांच्या आवाजात ओरडलेलं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून या टोळीची एक रीत पडून गेली होती. भिंत तयार होत आली की मुकादम समोर उभा राहून सिगारेट पेटवायचा. धूर कुठे जातो त्यावरून धूळ कुठे जाणार ते कळायचं. सिगारेट तोंडात आहे तोवर पोखरणाऱ्याने शेवटचे घाव घालून बाहेर यायचं. तो बाहेर आला की मुकादम थोटूक खाली फेकणार. थोटूक पडलं की ओढा. सतरा वर्षांत कुणाला खरचटलंही नव्हतं.

पण दिवसाला तीस सिगारेटींनी आतलं घर पोखरत आणलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला, म्हणाले, या बाजूचं फुप्फुस खालून गेलंय, राहिलेलं सांभाळा. मुकादमाला पोखरलेलं म्हणजे काय ते दुसऱ्याने समजावायची गरज नव्हती. त्याच दिवशी त्याने पाकीट गटारात टाकलं.

ती पहिली खेप. नवव्या दिवशी जेवताना मीठ जास्त झालं म्हणून त्याने ताट भिंतीवर भिरकावलं. ते उलटून वहिनीच्या भुवईला लागलं. तीन टाके. पण टाक्यांच्या आधी वहिनीने काय केलं? कपाळाला टॉवेल दाबून ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि पाकीट घेऊन आली. म्हणाली, "ओढा एक, आणि शांत व्हा."

दुसऱ्या खेपेला चघळायच्या गोळ्या आणल्या. तेराव्या दिवशी जिन्यात सायकल आडवी लावली म्हणून त्याने शेजाऱ्याला सहा पायऱ्या खाली लोटलं. शेजाऱ्याने नाकाचं रक्त पुसत आपल्याच खिशातली एक काढून दिली. "घ्या हो, पण मला सोडा!" गल्ली अजून हसते त्यावर.

तिसऱ्या खेपेला धाकटी मधे पडली. तिने त्याला आपल्या घरी नेऊन देवापुढे हात ठेवून शपथ घ्यायला लावली. सहाव्या दिवशी तो आला, देव्हाऱ्याची काच मुठीने फोडली आणि रक्ताळलेली मूठ घेऊन तिथेच बसून राहिला. तिने काचा गोळा केल्या, देवाची माफी मागितली, आणि स्वतःच्या हाताने काडी ओढून त्याला पेटवून दिली. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या खेपेला बोका गेला. म्हणजे पूर्ण गेला नाही, गुडघ्याखाली गेला. बोका म्हणजे मुकादमाचा जुना जोडीदार, घाऱ्या डोळ्यांचा. तो भिंतीखाली शेवटचे घाव घालत असताना दोरावरच्या पहिल्या माणसाने घाई केली आणि भिंत आली, असं मुकादमाने सगळ्यांना सांगितलं. विटा हाताने उपसल्या, नखं निघाली. मग मुकादमाने त्या दोरावरच्याला मानेला धरलं आणि त्याचं तोंड विटांच्या ढिगावर आपटलं. एकदा नाही, मोजवत नाही इतक्यांदा. कुणीतरी पेटती सिगारेट आणून ओठांत कोंबली तेव्हा कुठे त्याचे हात सुटले. फळीवर पडलेला बोका, पाय कुठे आहे ते माहीत नसलेला, म्हणत होता, "पेटवा रे त्याची. नाहीतर आज दोन जातील."

आणि पाचवी खेप. त्याने स्वतःच बायकोला सांगितलं, मला आतल्या खोलीत कोंड, बाहेरून कडी घाल, मी मेलो म्हणालो तरी उघडू नकोस. तिने ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्याने खाटेखालचा घण काढला. घण आत राहिलाय हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाडकामवाल्याच्या घरात घण म्हणजे पोळपाटासारखा, दिसतच नाही. वहिनी बाहेरून दाराला पाठ लावून बसली होती, त्याच्याशी बोलत. चौथ्या घावाला फळी फुटली आणि तिचा हात दोन ठिकाणी मोडला.

तो हॉस्पिटलमधून बाहेर पडला तो चालत सुटला. कुठे, कशाला, काही नाही. अंधार पडला तेव्हा शहर संपलं होतं, आणि त्याच्या लक्षात आलं की दुपारपासून ओढलेली नाही. ही सहावी खेप अशी सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून तलफ आली की तो उठायचा आणि चालायचा. काम संपल्यावर दहा-दहा किलोमीटर. धाकटी बाइंडिंगच्या कारखान्यातून सुटली की त्याच्याबरोबर जायची. एकट्याला सोडायचं कसं?

बाराव्या किलोमीटरला अंगठा तुटलाच. समोर एक पंक्चरचं दुकान होतं, पत्र्याचं. आत एकजण ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. धाकटीने चप्पल पुढे केली. "भाऊ, एवढा खिळा मारून देता का?"

त्याने मान वर केली. नाक एका बाजूला बसलेलं, वरचे दोन दात नाहीत. धाकटीने ओळखलं नाही. मुकादमाने ओळखलं आणि तो पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिला.

पंक्चरवाल्याने ट्यूबचा तुकडा कापला, चपलेला नीट बसवला, दोन बाजूंनी खिळे ठोकले. हात साफ होता त्याचा. चप्पल देताना तो धाकटीशी नाही, तिच्यामागे उभ्या मुकादमाच्या पाठीशी बोलला.

"मुकादम, तोंड रिकामं दिसतंय. मग भिंत ओढायची कधी, ते कसं कळतं हो आता?"

"चल गं," मुकादम म्हणाला.

"बसा की. चहा सांगतो. बोका कसा आहे? एक बूट जास्तीचा झाला म्हणत असेल. त्याचा पाय मी खाल्ला असंच सांगता ना अजून सगळ्यांना?"

"तू घाई केलीस."

"मी?" पंक्चरवाला हसला. दात नसल्याने ते हसू वाईट दिसलं. "ताई, तुम्हीच न्याय करा. त्या दिवशी साहेबांनी सोडली होती. आम्हाला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. तोंडात काडी चघळत उभे होते. लांबून काय दिसतं? तोंडात काहीतरी आहे. मग त्या काडीचा चोथा झाला आणि यांनी ती काढून खाली फेकली. मी हात खाली येताना बघितला. सतरा वर्षं काय शिकवलं होतं? पडलं की ओढा. मी ओढलं. हात तुमचा खाली आला होता मुकादम, माझा नाही!"

धाकटीने भावाकडे बघितलं. तो खोटं आहे म्हणेल, याची ती वाट बघत होती. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

टायर काढायची टॉमी जमिनीवर पडली होती. ती त्याच्या हातात कधी आली ते तिला दिसलंच नाही. पहिला घाव खांद्यावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज आला, सुक्या फांदीसारखा. पंक्चरवाला पाण्याच्या टबावर कोसळला. दुसरा घाव पाठीत. तिसरा पत्र्यावर बसला आणि सगळं दुकान घणघणलं. "बोल! बोल अजून!" मुकादम ओरडत होता, पण आवाज त्याचा वाटत नव्हता.

आणि धाकटीचा हात आपोआप पिशवीत गेला. पिशवीत रुमाल, स्तोत्राचं छोटं पुस्तक, आणि त्याच्याखाली एक न फोडलेलं पाकीट. चाळीस दिवस ती ते प्रत्येक फेरीला बरोबर घेऊन चालत होती. वेळ आलीच तर असावं म्हणून. तिने दाताने कागद फाडला, एक काढली, त्याच्या दंडाला लटकून ती ओठांत सारली. "घे दादा, घे, शांत हो, देवासाठी शांत हो."

टॉमी खाली पडली. ओठ सिगारेटीवर आपोआप मिटले. तिने काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली. ज्योत पुढे नेली तसा तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो त्याने बघितला.

"बरं वाटलं ना तुला?" तो ओठांतूनच म्हणाला.

"दादा, ओढ आधी."

"प्रत्येक वेळी असंच होतं गं. मी कुणाचं तरी मोडतो, आणि मग मला मिळते." त्याने सिगारेट ओठांतून काढली. ओठाची कातडी तिला चिकटून आली. "भांडी फोडली, मिळाली. बोक्याचा पाय गेला, मिळाली. कुत्र्यालासुद्धा असं शिकवत नाहीत."

ज्योत तिच्या बोटांपर्यंत आली. तिने काडी टाकली.

मागच्या खोपटातून पंक्चरवाल्याची बायको धावत आली. नवरा टबात अर्धा, पाणी लाल. तिने एकदाच बघितलं, दोरीवरची जाड ट्यूब ओढली आणि मुकादमाच्या तोंडावर हाणली. कानावर, मानेवर, तोंडावर. ओल्या रबराचा आवाज फार वाईट असतो. त्याचा ओठ फाटला, एक डोळा मिटला. तो हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिला. धाकटी मधे पडली नाही. मारणारी थकली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "दवाखाना कुठे आहे?"

पंक्चरवाल्याला त्याने पाठीवर घेतलं. दीड किलोमीटर. पंक्चरवाला कण्हत होता, आणि मधेच शिव्या देत होता, आणि मुकादम प्रत्येक शिवीला "हो" म्हणत होता. डॉक्टरने, कसं झालं, विचारलं. पंक्चरवाल्याच्या बायकोने तोंड उघडायच्या आत मुकादम म्हणाला, "मी मारलं. टॉमीने. पोलिसात कळवायचं तर माझं नाव लिहा, पत्ता ही माझी बहीण देईल." डॉक्टरने लिहून घेतलं. तपासाला बोलावतील, तेव्हा हजर राहा म्हणाला.

तिथून भाऊ-बहीण पुढे चालली. पाकीट धाकटीने दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. त्याने ते बघितलं. तिच्या डोक्यात मात्र चक्र चालू होतं. ओठाला काय झालं म्हणून वहिनीने विचारलं तर पडला म्हणायचं, उंबऱ्याला अडखळला. खोटं तर खोटं. एका संध्याकाळीपायी चाळीस दिवस का घालवायचे? सिगारेट तर पेटलीच नव्हती ना! देव तेवढं समजून घेईल. वहिनीच्या भावाच्या गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिने सगळं जुळवून ठेवलं होतं.

"दादा, तोंड धुऊन घे त्या नळावर. आणि हे बघ, वहिनीला आपण सांगू की—"

"मी इथेच थांबतो," तो म्हणाला.

तो खरंच थांबला. पाय हलायचे बंद झाले, आणि पाठीमागे धरलेल्या हातांची बोटं एकमेकांत रुतायला लागली ते तिला दिसलं. नळावर एक बाई बादली भरत होती, ती त्याच्या तोंडाकडे बघून बादली अर्धी सोडून गेली. चौथ्या घराच्या खिडकीत दिवा लागला होता. त्या दिव्यात कुणीतरी हाताला हळूहळू तेल चोळत बसलेलं होतं.

"तू जा आत," तो म्हणाला. "माझ्याआधी. मी गेलो तर मी काहीतरी बोलेन, तिला बरं वाटेल असं, आणि ती येईल माझ्याबरोबर. ते नको. तू सांग तिला. आधी त्या काडीचं सांग, बोक्याच्या वेळच्या, कारण ते तिला माहीत नाही. मग आजचं. हाड मोडलं हे सांग, नुसतं लागलं म्हणू नकोस. माझ्या बाजूने एक शब्द घालू नकोस. ती म्हणाली जा, तर मी अठरा किलोमीटर परत चालत जाईन आणि उद्यापासून पहिला दिवस धरीन. पण गाळू नकोस काही. तुझ्या पाया पडतो धाकटे, या वेळी मला वाचवू नकोस."