मोनोवहिनी

कुणाशीही बोलायचं झालं की वहिनी आधी त्या माणसाला दंडाला धरून आपल्या उजव्या बाजूला आणून उभं करायच्या. मग तो घरी आलेला व्याही असो, की गॅसची टाकी आणणारा. हे त्या इतक्या सहज करायच्या, की पुष्कळांना ती त्यांची माया करायची रीत वाटे. त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, त्या दिवशी मलाही हातातल्या बॅगेसकट असंच फिरवून त्यांनी उजवीकडे घेतलं आणि म्हणाल्या, "हां, आता बोल. माझ्या डाव्या अंगाला कुणी ऱ्हात नाय."

बिडकीनजवळच्या माहेरी, शाळेत जायच्या वयात त्यांना गालगुंड झालं होतं. ताप उतरला, सूज उतरली आणि डावा कान तेवढा कायमचा गेला. हे त्यांनी कधी लपवलं नाही. "आर्धं डोकं लई शांत हाय माझं," असं त्या सांगत. "भांडण झालं की उजव्या कुशीवर झोपायचं. दादा बोलत बसतात, मी निवांत." दादा म्हणजे त्यांचे यजमान. चितेगावच्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, सडपातळ, अंगात कायम इस्त्रीचा शर्ट. त्यांना सगळी गल्ली दादा म्हणायची, आणि वहिनीही दादाच म्हणायच्या.

घर मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडे. ती वर्षं दुष्काळाची होती. जायकवाडी धरणाचं पाणी तळाला गेलेलं, नळाला आठवड्यानं कधीतरी धार यायची, आणि बाकीचे दिवस टँकरवर. मी शाळेत शिकवून परत यायची तेव्हा गल्लीच्या तोंडाला घागरी, ड्रम, रंगाचे रिकामे डबे यांची रांग लागलेली असे आणि त्या रांगेत वहिनी उभ्या राहून गात असत. त्यांचा आवाज पातळ, गोड असा नव्हताच. जरा जाड, खालच्या पट्टीतला. पण शब्द असे ठेवायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच काहीतरी सांगताहेत. टँकर उशिरा आला तरी चालेल असं मला जन्मात फक्त त्या रांगेत वाटलं.

दादांनी खाली दुकानासाठी गाळा काढला होता. त्या साली गाळा घ्यायला कुणी येईना. तो नुसता पडून राहिलेला बघून वहिनींनीच डोकं चालवलं. दादांनी माईक-स्पीकर जोडायचा एक मिक्सर आणला, दोन मोठे स्पीकर आणले, आणि घरातला टीव्ही खाली नेला. गाण्यातला गाणाऱ्याचा आवाज काढून टाकलेला आणि वाद्यं तेवढी ठेवलेली असा ट्रॅक लावायचा, पडद्यावर ओळी येतील तसं म्हणायचं. दर रविवारी संध्याकाळी, ज्याला यायचं त्यानं यावं. "पाणी नाय तर नाय," वहिनी गल्लीभर सांगत सुटल्या, "रविवार तरी ओला करू."

पहिल्या रविवारी माणसं दाटीवाटीनं बसली होती. दादांनी कुणाला तरी विचारून एक स्पीकर या भिंतीला, एक त्या भिंतीला असा स्टिरिओ जोडला होता. पहिलं गाणं वहिनींचं. ट्रॅक सुरू झाला, पडद्यावर ओळ आली, ओळ गेली, आणि वहिनी गप्पच. दादांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग वहिनी माईक खाली ठेवून खोलीभर हिंडल्या. डाव्या भिंतीला बसलेल्या बायकांना विचारलं, तुम्हाला काय ऐकू येतं? त्या म्हणाल्या, बासरी आणि सतार. उजवीकडच्यांना विचारलं, तर तिथं नुसता तबला आणि मागचं व्हायोलिन. ज्या बासरीनंतर त्यांनी गायला सुरुवात करायची, ती सगळी त्यांच्या गेलेल्या कानाच्या बाजूला वाजत होती आणि उजवीकडच्या तबल्यात बुडून जात होती.

"अहो दादा, हे काय केलं तुम्ही? ह्या बाईला बासरी, त्या बाईला तबला. पूर्ण गाणं कुणालाच नाय!"

दादा म्हणाले, "स्टिरिओ असाच असतो. आवाज वाटून येतो."

"वाटणी जमिनीची करा. गाण्याची नाय करायची. ज्याला जिथं खुर्ची मिळंल तिथं त्याला सगळं गाणं मिळालं पाहिजे."

मिक्सरवर मोनोचं बटण होतं. ते दाबलं की दोन्ही स्पीकरमधून एकच, अख्खं गाणं येई. वहिनींनी कपाळावरची टिकली काढून त्या बटणाशेजारी चिकटवली आणि दादांना बजावलं, याला हात लावायचा नाय. त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या मोनोवहिनी झाल्या.

हे नाव ठेवलं आमच्या देशपांडेकाकांनी. काका सिडकोत राहायचे. जिल्हा कचेरीत कारकून म्हणून लागून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, घरी उंची स्पीकरसमोर एकच खुर्ची मांडून गाणी ऐकणारे. रविवारी यायचे, दोन गाणी छान म्हणायचे आणि जाताना न चुकता वाद घालायचे.

"वहिनी, ज्यानं ते गाणं ध्वनिमुद्रित केलं त्यानं विचार करून एकेक वाद्य आपल्या जागी बसवलेलं असतं हो. मोनोत तुम्ही सगळ्यांना एकाच बाकावर कोंबता. गाण्याची रुंदी जाते."

"काका, तुमच्या घरी खुर्ची एक हाय. माझ्याकडं बघा किती हायेत. रुंदी घरी ठेवा, इथं माणसं हायेत."

काका मान हलवत, हसत निघून जायचे आणि पुढच्या रविवारी नवीन मुद्दा घेऊन यायचे. वादात दोघांचंही बरोबर होतं. हे दोघांनाही माहीत असावं, म्हणून तो कधी संपला नाही.

दादा गायचे बेतानंच. पण द्वंद्वगीताला वहिनी त्यांच्याशिवाय कुणाला उभं करत नसत. दादा तालाला कच्चे. त्यांची ओळ जवळ आली की वहिनी त्यांच्या पाठीवर बोटांनी हळूच ठोका द्यायच्या. दादा बरोबर उजव्या बाजूला उभे राहत. लग्न झाल्यापासून ते चालताना, जेवताना, फोटोत, सगळीकडे उजव्याच बाजूला. एकदा कुणीतरी म्हणालं, रीतीप्रमाणं बायको डाव्या अंगाला. दादा म्हणाले, "हो, ती माझ्या डाव्याच अंगाला आहे की."

मग पाऊस बरा झाला आणि शहर वाढत सुटलं. बीड बायपासला उंच इमारती उठल्या. बिडकीनकडं, वहिनींच्या माहेरच्या शिवारात, रुंद रस्ते आणि दिव्यांचे खांब आले. बायपासच्या एका नव्या कॅफेत कराओकेचा स्टेज झाला, आणि तिथल्या मुलांनी आमच्या रविवारच्या मंडळाला एका संध्याकाळी गायला बोलावलं. वहिनी नवी पैठणी नेसून आल्या होत्या. स्टेज रुंद, दोन टोकांना माणसाएवढे स्पीकर. दादा आणि वहिनी मधोमध उभे राहिले. ट्रॅक लागला. बासरी डाव्या टोकाला वाजली, आणि वहिनींची ओळ निघून गेली.

ऑपरेटर चांगलाच होता. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा चुकलं. पुढच्या टेबलावर कुणीतरी हसलं. ऑपरेटर म्हणाला, "आंटी, बांसुरी सुनो, उसके बाद आना है."

वहिनी माईकमध्येच म्हणाल्या, "बासरी माझ्याकडं येईना रं बाबा."

आता सगळेच हसले. त्यात वाईट काही नव्हतं, लोकांना ती थट्टा वाटली. पण वहिनींचा हात दादांच्या शर्टाची बाही धरून होता, आणि मला तो खालूनही दिसत होता. तेवढ्यात देशपांडेकाका खुर्ची मागे सारून उठले आणि सरळ ऑपरेटरपाशी गेले.

"मोनो करा."

"अंकल, मोनो में मजा नहीं आता. पूरा फील चला जाता है."

"काय जातं ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे," काका म्हणाले. "तरी करा. माझ्या बहिणीला सगळं गाणं द्या."

मग वहिनी गायल्या. कॅफेतल्या मुलांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. परतताना रिक्षात, मुकुंदवाडीच्या वळणावर त्या एकदम मला म्हणाल्या, "शैले, काकांनी आज माझ्यासाठी आपला धर्म सोडला गं." आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

पुढे पुन्हा पाऊस ओढ देऊ लागला, टँकर परत आले. त्याच उन्हाळ्यात एका सकाळी मी शाळेला निघाले होते, तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या दिसल्या. आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. मी ओरडून म्हटलं, "वहिनी, कुकर!" त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मागं वळून कुकरकडं बघितलं. वाफ दिसत होती. "शैले," त्या म्हणाल्या, "तो वाजतोय का?"

उजवा कान रात्रीतून गेला होता. का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, वाट बघून झाली. थोडंसं परत आलं, बाकीचं आलं नाही. मग कानाचं यंत्र बसवलं. समोरासमोर बसून सावकाश बोललं की त्यांना समजे. पण रविवारी ट्रॅक लागला आणि त्यांनी यंत्र काढून हातात घेतलं. "माणसं येतात ह्याच्यातून. गाणं येत नाय. पत्र्यावर वाळू टाकल्यावानी कायतरी येतं." कुणीतरी सुचवलं, स्पीकरवर हात ठेवून बघा. त्यांनी ठेवला. "पिठाची गिरणीबी अशीच लागते हाताला," म्हणाल्या आणि हात काढून घेतला.

तरी त्यांनी एकदा गाऊन बघितलं. दादांना उठवलं, नेहमीचं गाणं लावायला सांगितलं. पडद्यावर ओळींचा रंग बदलतो, त्यावर नजर ठेवून त्यांनी वेळ बरोबर पकडली. एकही ओळ चुकली नाही. पण सूर कुठच्या कुठं गेला होता. त्यांना स्वतःचा आवाज येत नव्हता, आणि त्या नेहमीसारख्याच, जीव ओतून गात होत्या. आम्ही सगळे मांडीवरच्या हातांकडं बघत बसलो. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दादा मात्र आपल्या ओळी म्हणत राहिले. त्यांचा आवाज फाटत होता, पण ते थांबले नाहीत.

दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी वहिनींनी पडद्यावरून नजर काढून आमच्याकडं बघितलं. एकेकाकडं, पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत. मग माईक दादांच्या हातात दिला आणि आपल्या जागेवर येऊन बसल्या. ट्रॅक पुढं वाजत राहिला. तो बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

मी शेजारी जाऊन बसले. त्याच म्हणाल्या, "तोंडं कशाला पाडता? मला चेहरे वाचता येतात. आता तेवढंच वाचायचं राहिलं."

त्या पुन्हा गायल्या नाहीत. रविवार मात्र बंद होऊ दिला नाही. खुर्च्या मांडायच्या, चहा करायच्या, आणि लोक गात असताना समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायच्या. कुणी नवीन बाई भीत भीत गाऊन गेली की तिला जवळ घेऊन म्हणायच्या, "लई चांगलं म्हणलीस." ती बाई खूश होऊन जाई. वहिनींनी तिचा एक शब्द ऐकलेला नाही हे तिला कुणी सांगत नसे.

पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाला आईवडिलांनी इथं एकटं राहणं पटेना. तो दोघांना तिकडं घेऊन गेला. निघायच्या दिवशी सगळं मंडळ दुपारीच जमलं. काका आले, आणि वहिनींना नमस्कार करायला वाकले, तेव्हा वहिनी मागं सरकल्या. "अहो, थोरले तुम्ही!" काकांना बोलता आलं नाही. बोलले असते तरी वहिनींना समजलं नसतं, कारण काकांचे ओठ नुसते थरथरत होते. दादा गाडीत पुढं बसले. वहिनी मागं बसल्या, काच खाली केली, आणि गाडी वळेपर्यंत आमच्याकडं बघत राहिल्या.

पुण्याला गेल्यावर वर्ष-दीड वर्षात दादा गेले. मुलगा-सून नोकरीला, नातू शाळेत. वहिनी दिवसभर फ्लॅटमध्ये एकट्या. मला सुट्टी असली की मी व्हिडिओवर फोन करायची. साधा फोन त्यांच्या कामाचा नव्हता. मी तोंड मोठं करून, सावकाश बोलायची. त्या पडद्याला डोळे लावून माझे ओठ बघायच्या. काही शब्द मिळत, काही निसटत, आणि निसटले तिथं त्या आपल्या मनानं भर घालून उत्तर देत.

त्यांचा आवाज बदलत चालला होता. ऐकू न येणाऱ्या माणसाचा होतो तसा तो सपाट झाला होता, मधेच चढायचा, मधेच पार बुडायचा. शब्दांच्या कडा झिजल्या होत्या. टँकरच्या रांगेतला तो आवाज आता कुठंच नव्हता.

एका रविवारी त्या म्हणाल्या, "दादा होते तवर ते सांगायचे. आता कुणाला विचारावं? पोरगा बिचारा दमून येतो. तू सांग, शैले. माझा आवाज कसा येतो आता? तसाच हाय का?"

मी मोबाईल चेहऱ्याच्या जवळ आणला, म्हणजे ओठ नीट दिसावेत.

"तसाच आहे, वहिनी."

"आँ?"

"तसाच. अगदी तसाच."

त्यांनी माझा चेहरा बराच वेळ वाचला. मग मान डोलावली. "मंग बरंय," म्हणाल्या, "मंग बोलत ऱ्हाते." आणि कितीतरी वेळ बोलत राहिल्या. नातवाचं, शेजारणीचं, खिडकीतून दिसणाऱ्या आंब्याचं. मी एक शब्द बोलले नाही. नुसती मान हलवत, हसत, समोर बसून राहिले.

त्यानंतर त्यांच्याशी बोलणं झालं नाही. पुढच्या सुट्टीत मी फोन लावला, तो त्यांच्या मुलानं उचलला आणि वहिनी गेल्याचं सांगितलं.