कोऱ्या कार्डावरचे शब्द

मुलांना वाचता का येत नाही याचा शोध घेणाऱ्या एका संस्थेत बाई तपासनीस होत्या. शाळेतल्या रिकाम्या खोलीत बसायचं, एकेका मुलापुढे तेच शब्दांचं कार्ड धरायचं आणि कोण अडखळतं ते बघायचं. अडखळणाऱ्याला वेगळी शिकवणी मिळे. बाईंचा हात असा बसलेला की त्यांनी ‘ठीक’ म्हटलं की पुढे कुणी ब्र काढत नसे.

यंदा त्यांच्या नातीची पाळी आली. घरच्या मुलाला घरच्यांनी तपासायचं नाही, म्हणून बाई उठल्या आणि सहकारी बसली. नातीला दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. आता तरी पोरीला शिकवणी मिळेल, या आशेवर बाई होत्या. निकाल आला: ठीक. एकही चूक नाही!

‘‘आजीवर गेलीय, हुशार!’’ जावई हसला. बाईंना हसू आलं नाही.

दुपारी त्यांनी नातीपुढे कार्डाची कोरी बाजू धरली. ‘‘वाच बरं.’’

नात घडाघडा वाचू लागली. पहिला शब्द नाकातून, दुसरा घोगरा, तिसऱ्याआधी खोकला. त्या सकाळी बाईंनी तपासलेली मुलगी अशीच खोकली होती. समोर एकटी नात, आणि खोलीत अख्खा वर्ग बोलत होता.

‘‘कुठं गं शिकलीस?’’

‘‘पाळी येईपर्यंत दाराबाहेर बाकावर बसवतात ना, तिथं सगळं ऐकू येतं. मला वाचायला नाही जमत, आजी. मग मी पाठ करते.’’

बाई तिला घेऊन तडक संस्थेच्या मोठ्या मॅडमकडे गेल्या. पुन्हा कोरं कार्ड, पुन्हा तेच आवाज. मॅडमनी नातीला तिथल्या तिथे शिकवणीत घेतलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

‘‘पण बाई, मुलांना दाराशी कधीपासून बसवताय?’’

वेळ वाचावा म्हणून ती पद्धत बाईंनीच पाडली होती. ‘‘पहिल्यापासून,’’ त्या कशाबशा म्हणाल्या.

परतताना बसथांब्यावर एका तरुणीनं विचारलं, ‘‘मावशी, ही स्टेशनला जाते का हो?’’ बसच्या कपाळावर ठळक अक्षरांत ‘स्टेशन’ लिहिलेलं होतं.

‘‘जाते,’’ बाई म्हणाल्या. मग राहवेना. ‘‘तू कुठल्या शाळेत होतीस गं?’’

तिनं सांगितलं. त्या शाळेत बाई दरवर्षी जात. त्यांनी नातीचा हात घट्ट धरला आणि त्यांना रडू फुटलं.