झोपेतून उठवणारी डॉक्टर

मेश्राम मॅडमचा हात भुलीच्या सुईकडे जाण्याआधी ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाला तोंड उघडावं लागे. सर्जन, सिस्टर, टेक्निशियन, पेशंटला वॉर्डातून आणणारी दुलारी आया. ‘‘सगळं बराबर? बोल.’’ प्रत्येकाकडून ‘हव’, म्हणजे ‘हो’, आल्याशिवाय काम सुरू नाही. कुणी नुसती मान हलवली तर, ‘‘मान तं बकरीही हलवते गा. तोंडानं बोल.’’

रायपूरच्या एका धर्मादाय रुग्णालयात त्या भूलतज्ज्ञ होत्या. मी तिथे रुग्णांच्या घरच्यांना ऑपरेशन समजावून सांगते. गुढियारीच्या मालधक्क्यावर पोती उचलणाऱ्याची मी मुलगी, घरातली पहिली पदवीधर. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात उभी दिसताच मॅडम म्हणाल्या, ‘‘बी.ए. झाली ना वं? मंग भिंतीले काहून चिकटून राहिली?’’

गंगा सहा वर्षांची. टाळू जन्मापासून दुभंगलेली. बोलायला गेली की नाकातून हवा येई. पोरं हसत, म्हणून शाळा सुटलेली. शिबिरासाठी पुण्याहून मोठे सर्जन आले होते. त्यांचं संध्याकाळचं विमान, दारात देणगीदार, कॅमेरे. मॅडमनी विचारलं. सगळ्यांचं ‘हव’ आलं, दुलारीचं नाही. गंगाच्या आजीला डबा धुताना तिनं पाहिलं होतं.

‘‘मैडम, डोकरी ह नोनी ला बासी खवा दे हे.’’

बासी म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात. मी बजावूनही आजीनं तो पोरीला चारला होता. ‘‘भूखे पेट लइका ला कइसे भेजतेंव?’’ म्हातारी बाहेर रडत होती.

भरल्या पोटी भूल दिली तर अन्न उलटून श्वासनलिकेत जातं. मूल दगावू शकतं. पाहुणे सर्जन म्हणाले, ‘‘दोन घासांनी काय होतं, मॅडम?’’

‘‘सर, झोपवणं कोणालेही जमते. उठवाचं मले आहे. आज नाही.’’

ट्रस्टचे सचिव धावत आले. ‘‘डोनर बैठे हैं, मैडम!’’

‘‘तो उन्हीं को सुला दूँ टेबल पे?’’

पाहुणे विमानानं गेले. दुसऱ्या सकाळी आमच्याच साहू डॉक्टरांनी गंगाची टाळू शिवली. ती डोळे उघडून रडेपर्यंत मॅडम उशाशी उभ्या होत्या. ‘‘रडली! रडू दे, लय गोड रडते पोट्टी.’’

मग मॅडमचा करार ट्रस्टनं वाढवला नाही. कारण काय, तर ‘टीमसोबत जमत नाही’. टीमला विचारलं कोणी? आम्ही सगळे, साहू डॉक्टरसुद्धा, सचिवांच्या दारात जाऊन उभे राहिलो. त्यांनी आम्हाला पाणी पाजून परत पाठवलं. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘चहा तरी मागाचा होता, येड्यांनो.’’ आणि सामान उचलून गेल्या.

आता दर्शनी भिंतीवर बॅनर आहे. पाहुण्या सर्जनांचा हसरा चेहरा, शेजारी गंगा, खाली ‘जादुई हात’. त्या हातांनी तिला शिवलंसुद्धा नाही! रोज आत शिरताना तो बॅनर टराटरा फाडावासा वाटतो.

परवा गंगा तपासणीला आली. ‘‘दीदी, पहिली में पढ़थंव,’’ म्हणाली, अक्षर न् अक्षर स्पष्ट. आजीनं मॅडमसाठी घरची ठेठरी, बेसनाची तळलेली, आणली होती. ‘‘कहाँ हे वो गुस्सावाली डाक्टरिन?’’

मी सांगितलं, काढून टाकलं.

म्हातारी बॅनरकडे वळली. सर्जनांच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘अउ ये कोन हरे?’’

‘‘मेहमान हे, दाई,’’ मी म्हटलं.