धुईतली हजेरी

दोरकाका जन्मांध होते आणि बुलढाण्यातल्या सरकारी कचेऱ्यांमधल्या खुर्च्या वेताने विणून देत. उसवलेली खुर्ची पुढ्यात आली की आधी बैठकीवरून बोटं फिरवायची आणि बसणाऱ्याचं वर्णन करायचं, ही त्यांची रीत. "डाव्या अंगावर बसते हा मानूस. पाठ दुखते याची." मी त्यांतल्याच एका कचेरीत कारकून. एकदा आमच्या साहेबांची खुर्ची चाचपताना त्यांनी बोटं पुन्हा पुन्हा फिरवली. मग मला हळूच म्हणाले, "साहेबाले सुट्टी घ्यायले सांग. खुर्चीवर भारच राह्यला नाही त्यायचा." मी ते सगळ्यांना सांगितलं, आम्ही हसलो. महिन्याभरात साहेब गेले. त्यानंतर काका कचेरीत आले की निम्मे लोक उभ्यानेच काम करायचे.

सरकारदरबारी आम्ही दिव्यांग, काकांच्या तोंडी 'आपली पल्टन'. हिवाळा आला की धडधाकट लोक हुरडा खायला शेतात जातात आणि आमच्यासारख्यांना घरचे गोधडीत गुंडाळून ठेवतात. मला लहानपणी पोलिओ झालेला. "हाडं गारठतील, कुठं पडशील," हे आईचं पालुपद. काका एक दिवस थेट दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, पोराचं लोनचं काऊन घालून राह्यल्या? हिवाळा त्याचाबी हाये." आईने गोधडीची घडी घातली. त्या रविवारी मी वयाच्या तिसाव्या वर्षी पहिल्यांदा शेतात बसून गरम हुरडा खाल्ला. रडू आलं हो मला, खोटं कशाला सांगू!

मग दर रविवारी निघायचं, आणि जाण्याची पद्धत काकांचीच. एक लांब दोर, त्याला गाठी, प्रत्येकाची गाठ ठरलेली. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. सगळ्यांत पुढे काका, मागे दोन आंधळे भाऊ, मग अर्धांगाचा झटका येऊन गेलेले पोस्टमास्तर, मग हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर मी, आणि शेवटी नंदा. एकोणीस-वीस वर्षांची, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. चढ आला की माझी सायकल तीच ढकलायची. सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत आणि पिशवी माझ्या सायकलला. गावाबाहेरची गाडीवाट घाटाच्या कडेकडेने काकांच्या मित्राच्या शेतात जाते. प्रत्येक वळणावर काका थांबून नावं घेत आणि आम्ही "हाव" म्हणायचं. नंदाची हजेरी म्हणजे दोर थांबला की त्याला दोन ओढी.

पौषात सकाळी त्या कडेला धुकं चढतं. आम्ही त्याला धुई म्हणतो. धुई आली की डोळसांची पंचाईत आणि काकांची चंगळ. "आता झाले सगळे माह्यासारखे!" असं म्हणत ते झपाझप चालायला लागायचे. पुढच्या माणसाचा आवाज कधी मागून यायचा, कधी दरीतून. मला माझ्याच सायकलचं चाक दिसायचं नाही. पोस्टमास्तर कुजबुजायचे, "आपण चालणारे पाच, पण पावलं सहा जणांची वाजतात." काका मागे न वळता म्हणायचे, "येऊ द्या बापा, हुरडा लय हाये."

एका रविवारी धुई अशी की दोरच हवेत लटकल्यासारखा वाटत होता. शेवटच्या वळणावर काकांनी नावं घेतली. चार वेळा "हाव" आलं. मग दोर दोनदा हलला. निघालो. पंधरा-वीस पावलांवर काका एकदम थांबले.

"नंदा नाही आपल्यात."

"अहो, आत्ता तर ओढ आली," पोस्टमास्तर म्हणाले.

"आली. पन हात तिचा नव्हता. नंदाची दुसरी ओढ हलकी असते. ह्या दोन्ही सारख्या होत्या."

मी मागे हात घातला. गाठ मोकळी लोंबत होती. पोस्टमास्तरांनी राम राम म्हणायला सुरुवात केली. हाक मारावी तर तिला ऐकू जाणार नाही, बघावं तर दिसणार नाही, आणि डाव्या हाताला दरी. काकांनी दोराचं टोक कमरेला बांधलं, दुसरं दोघा भावांच्या हातात दिलं. "कोनी जागचं हलायचं नाही," म्हणाले, आणि काठीने जमीन चाचपत धुईत शिरले. काठीचा आवाजही विरला. नुसता दोर सरकत राहिला, थांबला, पुन्हा सरकला. किती वेळ गेला, देव जाणे.

मग किंकाळी आली. माणसाची म्हणावी की जनावराची, कळेना. नंदाचा आवाज आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो असा. कडेपासून दोन हातांवर ती उभी होती, ओढणीत बोरं, आणि कुठून आलो तेच कळेनासं झालेलं. अशात पाठीवर अचानक कोणाचा तरी पंजा पडला, तो काकांचा! काका तिचं मनगट धरून तिला घेऊन आले. त्या दिवशी हुरडा तसाच राहिला.

पल्टनीत आजही तोच विषय निघतो, की नंदाच्या जागी ओढ दिली कोणी? पोस्टमास्तर सांगतात, पूर्वी घाटात कोणी पडलं होतं, तेच येतं मागून. काका हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. फक्त पुढच्या रविवारी त्यांनी मला म्हटलं, "आजपासून नावं तू घ्यायची."

दोन हिवाळ्यांनी काका अंथरुणाला खिळले. मी गेलो, खाटेशी सायकल लावली आणि इतके दिवस घशात अडकलेलं काढायला तोंड उघडलं. "काका, त्या दिवशी थंडीनं माझे हात वाकडे झाले होते. शेकोटीचा वास येत होता. वाटलं, नंदा बोरं वेचत असेल, येईल मागून. म्हणून मी दोराला—"

"चूप बे." एवढ्या आजारातही आवाज तोच. "पुरं सांगशील त मले माफ करा लागन. माफ केलं का तू निवांत होशील. आन निवांत मानूस नीट मोजत नाही."

त्याच आठवड्यात काका गेले.

रविवारी आम्ही अजून जातो. वळणावर मी नावं घेतो, नंदाच्या दोन ओढी येतात. तरी मी धुईत मागे हात घालतो आणि तिचं मनगट हाताला लागेपर्यंत सायकल हलवत नाही. ती हसते, माझ्या हातावर थोपटते. तिला वाटतं, मी त्या भुताला भितो.