बोटीवरून आलेला फोटो

माझ्या रत्नागिरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात ती एकदाच आली. जाळी विणणारी बाई. बोलतानाही तिची बोटं हवेत काहीतरी ओवत होती. मुलगा मोठ्या बोटीवर नोकरीला, आणि त्याच्या हाताला लागलं होतं. हाताचा फोटो पाठव, असं हिने त्याला बजावलं होतं. बोटीवरून फोटो फक्त मेलनेच जातो म्हणून त्याने तो माझ्या दुकानाच्या मेलवर पाठवला. फोटो आला, पण उघडेना. त्याच्या नव्या फोनची फाईल माझ्या जुन्या कॉम्प्युटरला वाचता येत नव्हती.

“मावशी, तो बरा आहे म्हणाला ना?”

“फोनवर सगळेच बरे असतात, ताई.”

मी फाईल दुसऱ्या प्रकारात बदलू लागले. तोवर तिने पदराने स्क्रीन पुसून घेतला. शेवटी फोटो उघडला. तळहाताला पट्टी होती आणि पाचही बोटं जागच्या जागी होती. मला वाटलं, झालं काम. ती म्हणाली, “मोठा करा.” मी केला. ती पट्टीची गाठच बघत राहिली.

“ही त्याने नाय मारलेली. एका हाताने अशी गाठ बसत नाय.” मग ती सावकाश स्टुलावर टेकली. “कोणतरी आहे त्याच्याजवळ.”