‘चालेल’ चालत नाही

आमच्या दादाला काहीही विचारा, उत्तर एकच: चालेल. जेवायला काय करू? काहीही चालेल. घराला पिवळा रंग देऊ या? चालेल. रंगाऱ्यानं चुकून हिरवा फासला, तर तोही चालला. असा माणूस सोबतीला बरा, असं लांबून बघणाऱ्यांना वाटतं. त्याच्यासोबत राहून दाखवा म्हणावं.

लग्नाचंही तसंच झालं. वहिनी आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. बाबांनी दादाला सरळ विचारलं, “हिच्याशी लग्न करणार का?” दादा म्हणाला, “चालेल.” वहिनी तेव्हा तिच्या आईबरोबर आमच्याच स्वयंपाकघरात बसली होती आणि आमच्या घराच्या भिंती काही फार जाड नाहीत. आता पाहुणे आले की ती हा किस्सा स्वतःच सांगते. “मी ह्यांना आवडले-बिवडले नाही हो. मी नुसती चालले.” पाहुणे पोट धरून हसतात. वहिनीही हसते, पण हसता हसता कोरडं असलेलं टेबल पुन्हा पुसते. दादाला एवढ्या वर्षांत ते टेबल दिसलेलं नाही.

दादाचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. लांबट खोली, भिंतीला पाठ लावून उभे असलेले लोकांचे फ्रिज, खिळ्याला लटकवलेली दारांची रबरं, आणि सतत घुं घुं आवाज. फ्रिजच्या पाठीला कान लावून दादा डोळे मिटतो आणि त्याचं काय दुखतंय ते समजून घेतो. घरच्या माणसांना असा कान त्यानं कधी लावला नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर तो काय म्हणाला ते सांगायला नकोच.

फक्त एका बाबतीत ह्या माणसाला मत आहे, आणि तेही चांगलं धारदार. ‘मधला मजला’ नावाची एक मालिका होती. कचेरीच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधेच लिफ्ट थांबते. तिथे एक खोली, त्यात रिकाम्या खुर्च्या, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कोणीतरी येऊन त्या खुर्च्यांसमोर काहीतरी वाजवून जातं. का, कोणासाठी, काही सांगत नाहीत. मधेच पोस्टमन उलटा चालत येतो, मधेच घड्याळाला तहान लागते. पहिला भाग लागला तेव्हा टीव्ही बिघडला समजून मी त्याला वरून थाप मारली होती. मालिका लवकरच गुंडाळली गेली. पण तिच्यावर जीव ओवाळून टाकणारे काही लोक उरले आणि आमच्याकडचे असे सगळे रविवारी दुपारी दादाच्या दुकानात जमतात. सगळे म्हणजे दादा, शेजारच्या दुकानातला चष्मेवाला आणि चौकातल्या दातांच्या डॉक्टरबाई. मीही जाते, कारण मला भांडणं ऐकायला आवडतात.

विषय ठरलेला: मालिका परत आली तर त्या खोलीत कोण शोभेल? आणि नियमही ठरलेला, दादानंच केलेला. “इथे एक तर ‘शोभेल’ म्हणायचं, नाहीतर ‘नाही’. ‘चालेल’ म्हणायचं नाही. चालेल म्हणजे नाहीच. जो म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.” हे आमचा दादा बोलला. मी कपाळाला हात लावला. डॉक्टरबाईंनी विचारलं, “मग ‘चालत नाही’ म्हटलेलं चालेल का?” आणि पहिला चहा त्यांच्याच गळ्यात पडला.

यंदा खरंच बातमी आली. मालिका पुन्हा सुरू होणार होती, आणि शेवटच्या भागात वाजवायला बनवणाऱ्यांना अनोळखी माणूस हवा होता. चाहत्यांच्या प्रत्येक गटानं आपल्याकडच्या एकाच वादकाचं किंवा बँडचं रेकॉर्डिंग पाठवायचं. पाठवायचं काम चष्मेवाल्याकडे दिलं, कारण त्याचा फोन नवा होता. मग जो वाद पेटला तो विझेचना.

चष्मेवाल्याला दोघा भावांचा बँड हवा होता. ते प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवतात.

“पाठ करतात ते लाजतात म्हणून,” दादा म्हणाला. “त्यात गूढ काही नाही. नाही.”

डॉक्टरबाईंनी रेडिओवरच्या एका म्हाताऱ्या सारंगीवाल्याचं नाव काढलं.

“फार खात्रीनं वाजवतो तो. त्या खोलीत खात्री असलेला माणूस पाहिजे कशाला? नाही.”

ट्रम्पेटवाला नको, तो चकचकीत. बासरीवाली नको, ती गोड. असे रविवारमागून रविवार गेले. आणि ह्या सगळ्यात दादाचा डबा घेऊन वहिनी यायची, कोपऱ्यातल्या बंद पडलेल्या फ्रिजवर टेकायची आणि ऐकत राहायची. वहिनी शाळेत संगीत शिकवते. सकाळी कवायतीला अकॉर्डियन वाजवते आणि घरी दार लावून दुसरंच काहीतरी वाजवते. ते ऐकलं की आपण घरात कुठली तरी वस्तू विसरून आलोय असं वाटतं, आणि आपण तर घरातच असतो. दादा हे रोज भिंतीपलीकडून ऐकतो. तो इतरांना नाही नाही म्हणत होता तेव्हा वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती. ती कशाची वाट बघतेय हे मला दिसत होतं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

शेवटी मीच म्हटलं, “वहिनीला ऐकलंय का कोणी?”

सगळे वळले. दादानं हातातलं रबर खाली ठेवलं.

“यांना विचारा,” वहिनी म्हणाली. “मी वाजवीन. पण सांगायचं यांनी.”

पुढच्या रविवारी ती अकॉर्डियन घेऊन आली. चष्मेवाला फ्रिज बंद करायला उठला तर म्हणाली, “राहू देत सुरू.” तिनं भाता हळूच उघडला आणि फ्रिजच्या घुं घुं आवाजातलाच एक सूर उचलला. मग त्याच्या खालचा, मग त्याला न जुळणारा एक. मधेच मोठा फ्रिज धाड करून थांबला, तशी तीही थांबली. भाता अर्धा उघडा, बोटं तशीच. तो फ्रिज पुन्हा सुरू झाला आणि ती जिथे थांबली होती तिथूनच पुढे निघाली. डॉक्टरबाईंनी दंडावर आलेला काटा मला दाखवला. चष्मेवाला फोनवर रेकॉर्ड करत उभा होता.

वाजवणं संपलं. वहिनीनं दादाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. दादाचे कान लाल झाले होते. तो दोनदा तोंड उघडून थांबला, आणि मग म्हणाला, “चालेल.”

चहाचीही कोणी आठवण केली नाही. वहिनीनं भाता मिटला, पट्टा लावला. “बरं, मी चालले,” म्हणाली. त्यातली कोटी फक्त मला कळली, आणि मला हसू आलं नाही.

तो आठवडा मी दादाशी बोलले नाही. त्याला पत्ता नव्हता. उलट तो मजेत होता, गॅस भरताना वहिनीचीच धून शिट्टीवर वाजवत होता. वहिनीनं अकॉर्डियन कपाटावर चढवून वर जुनी चादर टाकली होती. काय दगड आहे हा माणूस, असं मला वाटलं.

रविवारी ती यायला तयार नव्हती. मी तिला ओढून आणली आणि अकॉर्डियनही आणलं, कारण निदान डॉक्टरबाईंना तरी पुन्हा ऐकायचं होतं. चष्मेवाला आला आणि म्हणाला, “पाठवलं बुवा एकदाचं. काल शेवटची तारीख होती.”

“काय म्हणाले?” दादानं विचारलं. “तो फ्रिज थांबतो तिथलं आवडलं असेल त्यांना.”

“कुठला फ्रिज? भावांचा बँड पाठवला मी. सगळ्यांनाच तुझं ‘नाही’, मग कोणाचं तरी पाठवायला हवंच होतं.”

“बँड? आणि हिचं?”

“तूच तर म्हणालास ‘चालेल’.”

“हो, म्हणालो ना मी चालेल!”

“तेच म्हणतोय मी. चालेल म्हणजे नाही. नियम तुझा.”

दादा खुर्चीत बसला. मी त्याला रागावलेलं फार कमी वेळा पाहिलंय. तेव्हाही कोणावर रागवायचं ते त्याला कळत नव्हतं. “अरे, मी माझ्या बायकोबद्दल बोलत होतो,” तो म्हणाला. “तिथे नियम कुठून आला? घरात मी चालेल म्हणतो म्हणजे… म्हणजे तेच म्हणतो ना.”

“तेच म्हणजे काय?” वहिनीनं विचारलं. तिचा आवाज साधाच होता. “लग्नाच्या वेळी म्हणालात, ते कुठलं? घरातलं की दुकानातलं?”

“तेव्हा दुकान कुठे होतं?” दादा म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिचा जीव भांड्यात पडेल. पण ती भडकली. “एवढी वर्षं मी ते जोक म्हणून सांगते. तुम्ही समोर बसून ऐकता. एकदा तरी सांगायचं होतं.”

दादाला घाम फुटला. फ्रिजच्या पाठीला लावतो तसा त्यानं कान पुढे केला, पण आता ऐकायचं काही नव्हतं, बोलायचं होतं. त्यानं घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द घरच्या माणसासाठी वापरला. तोही उशिरा, आणि तोही चुकीच्या काळात.

“तू शोभली असतीस,” तो म्हणाला.

“असतीस काय?” वहिनी म्हणाली. “इथेच बसलेय मी.”