मोठ्याला हात लावायचा नाही

सगळा काठ तिला फोडणी म्हणायचा. तोंड उघडलं की तडतड. पण त्या तडतडीशिवाय तलावाचं पाणी उतरलंच नसतं, हे मात्र कुणी कबूल करायचं नाही.

तलाव भरलेला होता, पण कामाचा नव्हता. तळापासून पाणगवत माजलेलं आणि त्यात बोटभर माशांची नुसती बजबजपुरी. गवतात ते मोठ्या माशांना सापडायचे नाहीत, आणि एकमेकांच्या तोंडचा घास ओढताना त्यांच्यातलं कुणीच वाढायचं नाही. फोडणीचा नवरा कंटाळला आणि शहरात गोदामात खोकी उचलायला गेला. "तलावात मासा आला की मीही येतो," म्हणाला. त्या एका वाक्यावर ती दिवस काढत होती, आणि तेच वाक्य आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

मत्स्य खात्याच्या साहेबाने उपाय सांगितला. पाणी निम्म्यावर आणा. गवत उन्हात वाळेल, लपायला जागा उरली नाही की लहान मासे मोकळ्यावर येतील, मोठे त्यांना खाऊन कमी करतील, आणि जे उरतील ते पोटभर खाऊन वाढतील. काठावरच्या बंगलेवाल्यांनी लगेच नाकं मुरडली. चिखल दिसेल, वास येईल!

फोडणी भर सभेत उठली. "तुमच्या खिडकीतून चिखल दिसू नये म्हणून आम्ही चुली विझवायच्या? नाकाला रुमाल लावा की!"

तलावाच्या बांधाचे दरवाजे उघडले. पाणी उतरलं. अट एकच होती, लहान मासे हवे तेवढे काढा, मोठ्याला हात लावू नका. मोठे आधीच मोजके उरले होते आणि सगळी भिस्त त्यांच्यावरच होती.

पुढे रोज ती बायकांना घेऊन पलीकडच्या काठावर सडकं गवत उपसत होती. एका दुपारी पाणी प्यायला घरी आली, तर मोरीत टप आणि टपात हातभर लांब मासा. शेजारी सासरा आरामात सुरी घासत बसलेला.

"बाबा, हे काय?"

"पाणी कमी झालंय ना, आपणहून जाळ्यात येतात. रोज काढतोय. अख्ख्या गल्लीला वाटले." म्हातारा खुशीत होता. "आणि लहान एकही आणला नाही हो. एकेक सोडवून परत पाण्यात सोडला."

"अहो, उलटं करायचं होतं! जेवताना सांगितलं होतं ना मी तुम्हाला?"

"सांगितलंस. मला वाटलं, बोलण्याच्या भरात तुझी उलटापालट झाली. लहान कुणी धरतं का? माझ्या बापाने जाळ्यात गुंडाळून बडवला असता मला."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हाताऱ्याचा राग आला, मिटक्या मारत खाणाऱ्या आणि तोंडातून चकार शब्द न काढणाऱ्या गल्लीचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. बंगलेवाल्यांशी घसा फोडून भांडायला वेळ होता, आणि घरातल्या माणसाला भात वाढता वाढता दोन वाक्यांत उरकलं होतं.

"आणखी किती उरलेत तलावात?"

"कालपासून हा एवढाच लागला. बाकी सगळी पिल्लंच."

तिने हातातला तांब्या आदळला. तेवढ्यात दारात सावली पडली. नवरा होता. खांद्यावर बॅग, एका हातात वळकटी, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"गोदामाला रामराम ठोकून आलो," तो म्हणाला. "बाबांनी फोन केला, मोठे मासे लागतायत म्हणून."

सासऱ्याने टपातला मासा दोन्ही हातांनी उचलून लेकाला दाखवला.

"डोळे भरून बघून घ्या," फोडणी किंचाळली. "तलावातला शेवटचा आहे."